एक पुडी आणि एक लिटर पाणी

घरांतील लहान मुलाला जुलाब लागले कीं औषधाच्या दुकानांतून जलसंजीवनीची पुडी आणली जाते. ती एक लिटर पाण्यांत विरघळवावी, अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. पण मलूल झालेलें मूल दोन घोट पाणीही धड पीत नाहीं. तेव्हां लिटरभर पाणी कशाला, पेलाभर पाण्यांतच पुडी घालावी, म्हणजे औषध अधिक गुणकारी होईल, असें घरांतल्या माणसांस वाटूं लागतें. या समजुतीच्या मुळाशीं माया असते. परंतु तिच्यांतील चूक मुलाच्या जिवावर बेतूं शकते. ती चूक नेमकी कोठें आहे, हें द्रावणांचें साधें गणित दाखवून देतें.

दोन चमचे साखर पेलाभर पाण्यांत घातली तर सरबत गोड होतें; तीच घागरभर पाण्यांत घातली तर जिभेला तिचा पत्ताही लागत नाहीं. साखर तितकीच, तीव्रता मात्र निराळी. पदार्थ किती घेतला, एवढ्या एका आंकड्यानें द्रावणाचें वर्णन पुरें होत नाहीं. तो किती द्रावणांत विखुरला, हा दुसरा आंकडा त्याच्या जोडीला लागतो. पहिल्याला दुसऱ्यानें भागलें म्हणजे तीव्रता मिळते.

त्यांतही रसायनशास्त्रज्ञ केवळ वजनावर समाधान मानीत नाहीं. तो कण मोजतो. फळवाला नारळ आणि लिंबें दोन्ही डझनावारी मोजतो. डझनाचें वजन फळागणिक बदलतें, संख्या बदलत नाहीं. कण अतिसूक्ष्म असल्यामुळें त्यांचा ‘डझन’ही तसाच प्रचंड लागतो. त्याला मोल म्हणतात, आणि त्यांत सुमारें ६०२ वर २१ शून्यें इतके कण असतात. एक मोल मीठ ५८.५ ग्रॅम भरतें, तर एक मोल ग्लुकोज १८० ग्रॅम. मोलाचा हजारावा भाग तो मिलिमोल.

आतां पुडी उघडून पाहावी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीं २००२ पासून पुरस्कारिलेल्या लिटरच्या पुडींत मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतें. २.६ ला ५८.५ नें भागलें असतां मिठाचे सुमारें ४५ मिलिमोल येतात. पाण्यांत पडतांच मिठाचें सोडियम आणि क्लोरिन अलग होतें, म्हणून सोडियमही ४५ मिलिमोलच. सायट्रेटचा एक मोल २९४ ग्रॅम असल्यामुळें तें सुमारें १० मिलिमोल भरतें. परंतु त्याच्या प्रत्येक रेणूंत सोडियमचे तीन अणु आहेत, म्हणून त्यापासून ३० मिलिमोल सोडियम मिळतें. बेरीज ७५. ग्लुकोजचे १३.५ ग्रॅम १८० नें भागावे. उत्तर पुन्हां ७५ च येतें.

वजनांत कोठेंही न दिसणारी ही बरोबरी योगायोगाची नव्हे. आंतड्याच्या अस्तरांत एक द्वार असें आहे कीं, त्यांतून सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीनेंच आंत जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातें. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें १९६० सालीं प्राग येथें ही कल्पना मांडली. पटकीमध्यें शरीरांतील पाणी झपाट्यानें वाहून जात असतांही हें द्वार उघडें राहतें. म्हणूनच ग्लुकोज सोडियमच्या मानानें कमी पडूं न देण्याची दक्षता घेतलेली असते.

या गणिताची कसोटी १९७१ सालीं बंगालमध्यें लागली. युद्धामुळें सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, आणि शिरेंतून देण्याचें सलाइन अपुरें पडलें. बनगांव येथें डॉ. दिलीप महालनबीस यांनीं लिटरमागें २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असें मिश्रण कलकत्त्यांत तयार करवून पिण्यास दिलें. त्यांत सोडियम ९० मिलिमोल होतें. बाजारी ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणु चिकटलेला असतो, त्यामुळें त्याचा मोल १९८ ग्रॅमांचा. २२ ग्रॅमांत १११ मिलिमोल. शेंकडा ३० च्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें.

पुढें जगभर रूढ झालेल्या पुडींत पोटॅशियमची भर पडून सर्व प्रकारच्या कणांची एकूण संख्या लिटरमागें ३०० मिलिमोलच्या वर गेली. रक्तांत ती २९० च्या आसपास असते. आणि पाण्याचा स्वभाव असा कीं, पातळ पडद्याच्या ज्या बाजूस कण दाट, तिकडे तें ओढलें जातें. म्हणून २००२ मध्यें ही संख्या २४५ वर आणली. रक्ताहून विरळ अशा या द्रावणांतून पाणी सहज रक्तांत शिरतें. उलट्या आणि जुलाबही कमी होतात.

आतां तीच पुडी अर्ध्या लिटरांत घातली तर काय होईल? कण तितकेच, जागा निम्मी. म्हणून एकूण तीव्रता ४९०, सोडियम १५०. दोनशें मिलिलिटरच्या पेल्यांत घातली तर तीव्रता पांचपट, म्हणजे १२२५, आणि सोडियम ३७५. अशा वेळीं पाणी उलट रक्तांतून आंतड्यांत येतें. आधींच शुष्क झालेलें मूल अधिक शुष्क होतें, आणि रक्तांतील सोडियम वाढून मेंदूला धोका पोंचतो. उलटपक्षीं दोन लिटरांत घातल्यास सोडियम ३७ वर येतें आणि झालेली झीज भरून निघत नाहीं. पुडींतून चिमूट चिमूट काढून पेला करणेंही योग्य नव्हे. कारण प्रत्येक चिमटींत चारही पदार्थ त्याच प्रमाणांत येतील याची खात्री नसते. थोडेंच द्रावण हवें असेल तर २०० मिलिलिटरसाठीं केलेली लहान पुडी मिळते.

चूक लवकर ध्यानांत आली तर तिचा उपायही याच गणितांत आहे. पाणी ओतल्यानें कणांची संख्या बदलत नाहीं, फक्त विस्तार बदलतो. अर्ध्या लिटरांत केलेल्या द्रावणापैकीं जेवढें उरलें असेल, तेवढेंच स्वच्छ पाणी त्यांत मिळवावें. तीव्रता पुन्हां योग्य जागीं येते. मात्र मुलानें दाट द्रावण प्यायलें असेल, तर डॉक्टरांस तसें सांगण्यास विलंब लावूं नये. पुडींतील औषध कारखान्यांत काट्यावर तोलून आलेलें असतें; त्याचें अर्धें काम बाकी असतें, तें पाणी मापून घेण्याचें. तें घरच्या माणसांच्या हातीं असतें.