पाच भागीदारांची ‘प्रभात’

एका बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे आपण गावोगाव पाहतो. म्हणूनच पाच जणांनी भागीदारीत काढलेली कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी कशी वाढली आणि कशी मोडली, ते शेतकरी मंडळींना सांगावेसे वाटते.

विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघे बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. सावकारापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचा ‘सावकारी पाश’ (१९२५) त्याच कंपनीचा. त्यात शेतकरी झाले होते शांताराम. चौघांकडे कसब होते, पैसा नव्हता. भांडवल घातले सीताराम कुलकर्णी यांनी, आणि १ जून १९२९ रोजी ‘प्रभात’ सुरू झाली.

कामाची वाटणी चोख. दिग्दर्शन शांतारामांचे, नेपथ्य फत्तेलालांचे, कॅमेरा धायबरांचा. बोलपट आले तेव्हा ध्वनिमुद्रण दामल्यांनी शिकून घेतले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ निघाला. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. स्टुडिओ स्वतःचा, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा स्वतःची, नटसुद्धा महिन्याच्या पगारावर.

पण माल पिकवून भागत नाही, बाजार लागतो. टोमॅटो लावणाऱ्यांना हे मी काय सांगावे! थिएटर मिळाले नाही तर चित्रपट डब्यातच राहतो. वितरण बाबुराव पै यांच्या फेमस पिक्चर्सने सांभाळले; शिवाय पुण्यात कंपनीने किबे यांचे थिएटर चालवायला घेतले. तेच प्रभात टॉकीज.

दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत वर्षाहून अधिक चालला, व्हेनिसलाही गौरवला गेला. त्यातली जिजाई पाहावी! पोरांच्या पोटासाठी थेट विठोबाशी भांडणारी. हे काम करणारी गौरी नामांकित नटी नव्हे, कंपनीतच किरकोळ कामे करणारी बाई.

धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ साली मतभेदांतून शांतारामही गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल काढले. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, धंद्यात नवा पैसा शिरला, नट पगार सोडून दर चित्रपटामागे ठोक रक्कम मागू लागले. १९४५ साली दामले वारले. माझ्या मते काळापेक्षा घरातली फूट अधिक नडली. तरी शांतारामांना दोष कसा द्यावा? जोमाच्या झाडाला शेजारच्या झाडाची सावली सोसत नाही.

पुढे दहा वर्षांच्या आत कंपनीचे काम थांबले. स्टुडिओची जागा सरकारने घेतली आणि १९६० साली तिथे चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उघडली. प्रभातच्या त्या जुन्या स्टुडिओत विद्यार्थी आजही काम शिकतात.