बाटलीत लावा समुद्राचं विरजण! प्रवाळाच्या टाकीसाठी जिवंत फायटोप्लँक्टन घरी कसं वाढवतात?

मंडळी, बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आपण जातो ते दिव्यांच्या माळा, वायरी आणि एलईडी पट्ट्या घ्यायला. तिथून चार पावलांवर तुळशीबागेत बरण्या-डबे घ्यायला. पण याच सामानातून काही हौशी मंडळी घरी चक्क समुद्रातलं अन्न पिकवतात, असं सांगितलं तर? घाट उतरल्याशिवाय पुणेकराला समुद्र दिसत नाही. पण खाऱ्या पाण्याची टाकी पाळणाऱ्याला समुद्राची पोटापाण्याची व्यवस्था घरातच लावावी लागते. चला, ती कशी लावतात ते बघूया.

फायटोप्लँक्टन म्हणजे काय?

समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतीसारख्या जीवांना फायटोप्लँक्टन किंवा वनस्पती प्लवक म्हणतात. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण निम्मा हे जीव तयार करतात. घरी वाढवायला सगळ्यात सोपं म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस. याची एक पेशी २ ते ४ मायक्रॉनची असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिस हे त्याचे जरा मोठे भाऊबंद. मत्स्यबीज केंद्रांमध्येही कोळंबी आणि शिंपल्यांच्या पिल्लांना असंच सूक्ष्म शैवाल खायला घालतात. म्हणजे ही नुसती हौसेखातरची करामत नाही, मत्स्यशेतीतली रुळलेली पद्धत आहे.

हे नक्की खातं कोण?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. "प्रवाळाला घालायचं" म्हणून बाटल्या ओतल्या जातात. पण टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरातच झूझॅन्थेली नावाचं शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवून यजमानाला देतं. फायटोप्लँक्टनचे खरे गिऱ्हाईक वेगळे आहेत: स्पंज, शिंपले, पिसाऱ्यासारखे दिसणारे नळीकृमी, काही मऊ प्रवाळ आणि मुख्य म्हणजे कोपेपॉड.

हे कोपेपॉड म्हणजे टिचभर टाकीतली अन्नसाखळी चालवणारे बारीक कवचधारी जीव. रंगीबेरंगी मँडरिन मासा जवळपास त्यांच्यावरच जगतो. भारी किमतीचा हा मासा अनेक टाक्यांमध्ये हळूहळू उपाशी मरतो, कारण टाकीतले कोपेपॉड संपलेले असतात आणि दाणे तो सहसा तोंडात घेत नाही. त्यामुळे बाटली लावण्याआधी आपल्या टाकीत खाणारं कोण आहे, हे एकदा मोजून घ्या.

साहित्य काय लागतं?

- पारदर्शक बाटली किंवा बरणी, १ ते २ लिटरची. एक पुरत नाही, दोन हव्यात.
- पांढरा एलईडी दिवा आणि वेळ लावायचा टायमर.
- छोटा हवेचा पंप आणि तळापर्यंत पोहोचणारी कडक नळी. फेस काढणारा हवेचा दगड लावू नका, त्यावर पेशी चिकटतात.
- आरओचं पाणी आणि मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं, त्यात मॅग्नेशियम-कॅल्शियमचा पत्ता नसतो.
- एफ/२ नावाचं खत. यात नायट्रेट, फॉस्फेट, लोह, सूक्ष्म धातू आणि बी१२ सारखी जीवनसत्त्वं असतात. कुंडीतलं खत त्याऐवजी वापरू नका. त्यात अमोनिया किंवा तांबं असू शकतं, आणि तांबं कोळंबी-शिंपल्यांना घातक असतं.
- जिवंत कल्चर, म्हणजेच आपलं विरजण.

कृती

बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण सुकवा. मिठाचं पाणी भरा, खत पाकिटावरच्या प्रमाणात घाला आणि पाचात एक भाग विरजण ओता. हवा अशी सोडा की पाणी सतत ढवळत राहील, पण उसळणार नाही. झाकण सैल ठेवा. दिवा रोज १६ तास चालू, ८ तास बंद. तापमान २० ते २७ अंश असलेलं उत्तम. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बाटली खिडकीत ठेवलीत तर कल्चर शिजलंच म्हणून समजा. घरातला थंड कोपरा निवडा.

आठवडा-दहा दिवसांत फिकट हिरवं पाणी गडद हिरवं होतं. अर्धं काढून घ्या, उरलेल्यात नवीन मिठाचं पाणी आणि खत घाला. चक्र पुन्हा सुरू. काढलेलं फ्रिजमध्ये ठेवा, रोज एकदा हलवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा.

दह्यापेक्षा हे नाजूक का?

विरजणाची उपमा इथे एका जागी मोडते. दह्यातले जिवाणू दूध आंबट करतात आणि त्या आंबटपणामुळे इतर जंतूंना फिरकू देत नाहीत. बिचाऱ्या शैवालाकडे असं काही हत्यार नाही. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब जरी बाटलीत गेला, तरी त्यासोबत रोटिफर किंवा सिलिएट जातात. ते दोन-चार दिवसांत अख्खी बाटली चरून साफ करतात. म्हणून टाकीची नळी, चमचा, फडकं काहीही इकडे वापरायचं नाही. दुसरी बाटली यासाठीच: एक बुडाली तरी बी शिल्लक राहतं.

पाणी पिवळट पडलं, तळाशी गाळ बसून हलवूनही मिसळेना, किंवा कुजक्या अंड्याचा वास आला, तर मोह न करता फेकून द्या. चांगल्या कल्चरला ताज्या गवतासारखा किंवा हलका समुद्री वास येतो.

टाकीत किती घालायचं?

सुरुवात अगदी थोड्याने करा. १०० लिटरच्या टाकीला दिवसाला १० मिली पुरे. घालताना स्किमर आणि यूव्ही दिवा तासभर बंद ठेवा, नाहीतर खाणाऱ्यांच्या आधी तेच सगळं गिळतील. नायट्रेट आणि फॉस्फेट दर आठवड्याला तपासा. बाटलीत उरलेलं खतही टाकीतच जातं, हे विसरू नका. आकडे चढले किंवा काचेवर शेवाळ दाटलं, तर मात्रा कमी करा. पाणी हिरवं दिसेपर्यंत ओतणं म्हणजे खाऊ घालणं नव्हे, टाकी घाण करणं.

आणि कायद्याचं काय?

भारतात रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. याच अनुसूचीत समुद्री घोडेही आहेत. अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. मालवणला गेलात आणि "आठवण म्हणून" प्रवाळाचा तुकडा उचललात, तर तोही यातच मोडतो. दुकानदार "आयात केलेलं आहे" म्हणाला, तर कागद मागा. नुसत्या शब्दावर खरेदी करू नका.

फायटोप्लँक्टनची बाटली मात्र कुणीही लावू शकतं. टाकी नसेल तरी शाळकरी मुलांना अन्नसाखळी दाखवायला याहून स्वस्त प्रयोग सापडणं कठीण. हिरवं पाणी, त्यावर कोपेपॉड, त्यावर मासा: अख्ख्या समुद्राचा हिशोब एका टेबलावर मांडता येतो. फक्त उरलेलं पाणी मुळा-मुठेत किंवा विहिरीत ओतू नका. आधी थोडं ब्लीच घालून तासभर ठेवा आणि मगच मोरीत सोडा.