रिकाम्या टँकचा महिना

घरातला डिस्कस : लेखांक ३

गेल्या आठवड्यात टँक जागेवर बसला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरला तर ३४० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन साडेतीन क्विंटलच्या आसपास. स्टँड कुठे ठेवायचा यावर आपण अख्खा लेख घालवला तो म्हणूनच. आता घरातल्या मुलांचा प्रश्न ठरलेला आहे : मासे कधी आणायचे? त्यांना आजच सांगून टाका, अजून महिनाभर नाही. टँकमध्ये पाणी असेल, फिल्टर चालू असेल, हीटर चालू असेल आणि मासा एकही नसेल. पहिल्यांदा आणलेले डिस्कस मरतात ते बहुतेक वेळा हा महिना वगळल्यामुळे.

माझेही तसेच मेले. शनिवारी टँक भरला, रविवारी चार पिल्लं आणली, तळहाताच्या निम्म्याएवढी. दोन दिवस ती पुढे येऊन खात होती. तिसऱ्या दिवशी रंग काळवंडला, चौघंही हीटरमागच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली, कल्ले भराभर हलायला लागले. मी औषध आणलं, मग दुसरं औषध आणलं. आठवड्याच्या आत चारही गेली. पाणी मात्र शेवटपर्यंत आरशासारखं होतं. त्या नितळपणामुळे दोष पाण्यात असेल हे मनातच आलं नाही, मी रोग शोधत राहिलो. त्या पिल्लांची हळहळ मला अजून वाटते, कारण ती धडधाकट होती. त्यांना झालेलं काहीच नव्हतं.

घडलं होतं ते असं. माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही तोच तयार होतो. नदीत तो अफाट पाण्यात विरून जातो, काचेच्या चार भिंतींत साठत राहतो. त्याला रंग नाही, आणि मासा मारायला पुरेल एवढा असला तरी त्याचा वास आपल्याला येत नाही. त्याची विल्हेवाट लावतात जिवाणू. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही विषारीच. ते रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि भरपूर हवा असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू नव्या टँकमध्ये जवळजवळ नसतातच. ते वाढायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे हा महिना.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी : ते पाण्यात तरंगत राहत नाहीत, चिकटून राहतात. स्पंजच्या भोकांत, काचेवर, लाकडावर. त्यामुळे टँकमधलं पाणी बदललं तरी ते जात नाहीत, पण स्पंज नळाखाली धरून खळखळून धुतला तर नळातल्या क्लोरीनने मरतात. स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनतीनदा पिळून.

आता घरातलंच उदाहरण घेऊ. दूध आहे, पातेलं आहे, पण विरजण नसेल तर दही लागत नाही. तुमच्या ओळखीत कुणाकडे वर्षभर नीट चाललेला टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागा. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, ओला, तासाभरात घरी आणा आणि आपल्या फिल्टरला लावा. महिन्याचं काम दहापंधरा दिवसांवर येऊ शकतं. फक्त त्या टँकमध्ये गेल्या काही महिन्यांत मासे आजारी पडले का, हे संकोच न करता विचारा, कारण स्पंजबरोबर रोगही येतो. बाटलीतून विकत मिळणाऱ्या जिवाणूंवर माझा तेवढा भरवसा नाही. उन्हाळाभर दुकानाच्या फळीवर राहिलेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल, ते बाहेरून कळायला मार्ग नसतो. शिवाय नायट्राइट संपवणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर, असंच पुष्कळ काळ मानलं जायचं. संशोधक टिमोथी होवानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये दाखवून दिलं, की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम नायट्रोस्पायरा करतात. म्हणजे बाटलीतले जिवाणू जिवंत असले तरी ते हवे तेच असतील असं नाही.

विरजण नाही मिळालं तर शून्यातून सुरुवात. त्यासाठी जिवाणूंना खाद्य लागतं, म्हणजे अमोनियाच. रसायनांच्या दुकानात लिकर अमोनिया मिळतो, त्यात साबण किंवा सुगंध मिसळलेला नसावा. तो झोंबणारा पदार्थ आहे : खिडक्या उघड्या ठेवा, बाटली नाकापासून दूर धरा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. थेंबाथेंबाने घालत, ढवळत, टेस्ट किट लिटरला २ मिलिग्रॅम दाखवेपर्यंत जायचं. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, उलट अडतं. किट थेंबांचा घ्या, कागदी पट्ट्यांचा नको, आणि त्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच हे चारही असू द्या. सजावटीवरचा खर्च कमी करा, पण इथे हात आखडू नका.

मग एक वही करा आणि किटचे आकडे तिच्यात लिहीत जा. पहिला आठवडा वहीत काहीच घडत नाही आणि तिथेच माणसाचा धीर सुटतो. मग एके दिवशी नायट्राइटच्या नळीत निळ्याऐवजी जांभळी झाक दिसते. पहिला गट कामाला लागला. अमोनिया उतरायला लागतो, तो संपत आला की पुन्हा थोडा घालायचा. त्यानंतर नायट्राइट मात्र वर जाऊन तिथेच बसतं, कधीकधी दोन आठवडे जांभळा रंग हलत नाही. सगळ्या महिन्यातला हाच टप्पा सर्वांत रेंगाळणारा. ते खाली येईल. रात्री २ मिलिग्रॅमचा डोस घातला आणि चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आलं, की टँक तयार. त्याआधी नाही.

मध्येच सगळं ठप्प झालं तर पीएच तपासा. या जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला क्षार खाऊन टाकतं. आपल्या धरणांच्या मृदू पाण्यात मुळात क्षार कमी, त्यामुळे पीएच घसरत साडेसहाच्या खाली जातो, जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास तर जवळजवळ थांबतात. अशा वेळी थोडं ताजं पाणी घातलं की गाडी पुन्हा चालू लागते.

पीएचचा विषय निघालाच आहे तर डिस्कसच्या माहेरी जाऊन येऊ. ऑस्ट्रियाचे निसर्गसंशोधक योहान नॅटरर १८१७ ते १८३५ अशी अठरा वर्षं ब्राझीलमध्ये हिंडले. त्यांनी व्हिएन्नाला पाठवलेल्या नमुन्यांवरून योहान याकोब हेकेल यांनी १८४०मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. हेकेल यांचा डिस्कस राहतो रिओ नेग्रोसारख्या काळ्या पाण्यात. कुजलेल्या पानांनी त्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो, त्यात क्षार नावालाच असतात आणि पीएच पाचच्या आसपास किंवा त्याहून खाली. दर वर्षी पूर आला की पाणी कित्येक मीटर चढतं, जंगल बुडतं, आणि हे मासे बुडालेल्या फांद्यांच्या जाळीत, संथ उबदार पाण्यात घोळक्याने राहतात. त्यांचं ताटासारखं चपटं शरीर त्या फांद्यांमधून सरकण्यासाठीच घडलेलं आहे.

हे वाचून नवा माणूस घरात रिओ नेग्रो करायला निघतो, पीएच खाली आणायची रसायनं ओततो. हा मोह टाळा. आपल्याकडे विकत मिळणारे डिस्कस पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर वाढलेले, साडेसहा ते सातच्या पाण्यात ते उत्तम राहतात. त्यांना सोसत नाही तो आज सहा, उद्या साडेसात असा झोका. चढा पीएचही नको, त्याला कारण पुन्हा अमोनियाच आहे. पाण्यातल्या अमोनियाचा थोडाच भाग विषारी रूपात असतो. ३० अंश तापमानाला पीएच ७ असेल तर तो भाग शंभरात एकाहूनही कमी, आणि पीएच ८ झाला की शंभरात सात-आठ. किटवर आकडा तोच, पण माशासाठी विष जवळपास दहापट.

तापमान २९ अंश ठेवायचं. इतक्या गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून एअर पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर मला डिस्कससाठी फार आवडतात. गाळणी, हवा आणि जिवाणूंचं घर, तिन्ही एकात. लाइट गेली तर तोच पाइप बॅटरीच्या पंपाला जोडता येतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये वीज गेल्यावर जिवाणू काही तासांत गुदमरायला लागतात. तो वापरत असाल तर लांबलेल्या भारनियमनानंतर डब्यातलं कुजकं पाणी ओतून टाकल्याशिवाय चालू करू नका. हीटर ३०० वॅटचा एक घेण्याऐवजी १५० वॅटचे दोन घ्या. एक बंद पडला तर नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात दुसरा टँक सांभाळून धरतो, आणि एक चालूच राहिला तरी एकट्याच्या जोरावर पाणी उकडत नाही. वेगळा थर्मामीटर हवाच. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते.

तळाला वाळू, खडे काही नको. एखादं लाकूड ठेवा, बाकी तळ उघडा. खाण्याचा उरलेला प्रत्येक कण दिसला पाहिजे.

आता तुमच्या घरचं पाणी. मुंबई-पुण्याचं पाणी सह्याद्रीतल्या धरणांचं, पावसाचं, बरंचसं मृदू. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून क्षार घेऊन येतं. ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळून, मोजून वापरावं लागतं. निव्वळ आरओचं नको, त्यात पीएच सावरून धरायला काहीच उरत नाही. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन पावसाळ्यात वाढतं, गढूळ पाणी आलं की डोस वाढवतात. ड्रममध्ये एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवा किंवा हायपोचे खडे वापरा.

या रिकाम्या महिन्यात एक तालीम जरूर करा. टँकमधलं १०० लिटर पाणी काढा आणि त्याच तापमानाचं १०० लिटर पुन्हा भरा. वीस लिटरच्या पाच बादल्या खाली, पाच वर. डिस्कसची पिल्लं दिवसातून चार-पाच वेळा खातात, आणि त्या वयात त्यांना हे एक दिवसाआड तरी, शक्यतो रोज लागतं. पाणी कमी बदललं तर पिल्लू मरेलच असं नाही, पण खुरटतं. डोळे मोठे दिसतात, अंग लांबोळकं राहतं, आणि तो गोल आकार पुन्हा कधी येत नाही. तालीम दोन आठवडे करून बघा. घरातल्यांची कुरकुर, ओला जिना, पाण्याची वेळ हे सगळं त्यात कळतं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं त्यावर तरारतात. पण तुमच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागत असेल तर मी मनापासून सांगेन, डिस्कस नको. गप्पी ठेवा, गौरामी ठेवा. हंडाभर पाण्यासाठी माणसं रांगेत असताना शंभर लिटर बदलणं योग्य नाही, आणि न बदलणं माशावर अन्याय आहे.

माझ्या दुसऱ्या टँकच्या वहीत चौतिसाव्या दिवसापुढे दोन शून्यं आहेत. त्या दिवशी मी दुकानात गेलो नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा डोस घातला, पुन्हा मोजलं, पुन्हा दोन शून्यं आली. मग साठलेलं नायट्रेट काढायला टँकचं तीन चतुर्थांश पाणी बदललं, रात्रभर तापमान २९वर स्थिर होऊ दिलं आणि सकाळी बादली, टॉवेल आणि थर्माकोलचा खोका घेऊन निघालो. पिल्लं सहा आणायची होती. दोन का नाहीत आणि त्या सहांचे डोळे कसे बघायचे, ते पुढच्या आठवड्यात.