अपघाती मृत्यू : दाव्यासाठी वकील शोधताना

रस्ते अपघातात घरातला माणूस गेला, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते.

● कुठे : अपघाताचे ठिकाण, अर्जदाराचे किंवा प्रतिवादीचे राहते ठिकाण, यांपैकी कुठेही. त्यामुळे जवळचा वकील चालतो.

● मुदत : १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची अट आहे. दिवसकार्य उरकताच कामाला लागा.

● कोण : या न्यायाधिकरणात नेहमी उभा राहणारा वकील पाहा. त्याची सनद विचारायला संकोचू नका.

● फी : भरपाईतला टक्का फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. आकडा ठरवा, लिहून घ्या, पावती मागा.

● सोबत न्या : एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाच्या विम्याचा तपशील, मृताच्या वयाचा व कमाईचा पुरावा.

● मोफत वकील : महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

वकीलपत्र वाचूनच सही करा. कोऱ्या कागदावर कधीच नको. विधी सेवा हेल्पलाइन : १५१००.