हळदीची कंदकूज : उपाय लागवडीपूर्वीच

हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीमुळे पुराचे पाणी शिरले होते. अशा पावसात हळदीला मोठा धोका जमिनीखाली असतो. शेतात पाणी साचल्यास मुळांना हवा मिळत नाही, बुरशी बळावते व कंदकूज सुरू होते. पाने पिवळी पडेपर्यंत कंद मऊ पडू लागलेला असतो. म्हणूनच परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना प्रतिबंधावर भर देण्यास सांगतात : निरोगी बेणे, बेणेप्रक्रिया, गादीवाफा, पाण्याचा निचरा आणि ट्रायकोडर्माचा वापर. सुमारे नऊ महिन्यांच्या या पिकात कंद कुजल्यास त्या हंगामात पुन्हा लागवडीची संधी उरत नाही.