फ्लॅश पेटत नाही, तेव्हा दोष कोणाचा?

लग्नसराईत फोटोग्राफरला एकच धास्ती असते. निकाहनाम्यावर सही होत असते, वधूचे वडील डोळे पुसत असतात, आपण बटण दाबतो आणि कोपऱ्यात स्टँडवर उभा केलेला फ्लॅश पेटतच नाही. फोटो काळा. सही पुन्हा करा, असे कोणाला सांगता येत नाही. हिशेबाच्या वेळी गिऱ्हाईक पैसे कापते ते वेगळेच.

आमच्यावर ही पाळी एका वलीम्याच्या कामात आली. दर चौथा-पाचवा फोटो अंधारा. आम्ही सरळ ट्रिगरला दोष दिला आणि आठवड्याभरात नवा आणला. पुढच्या लग्नात पुन्हा तेच! तेव्हा कुठे डोके ठिकाणावर आले. कॅमेरा, त्यावरचा ट्रान्समीटर, मधली हवा, रिसीव्हर आणि फ्लॅश अशी ही साखळी आहे. कोणतीही कडी सुटली तरी फोटो सारखाच काळा येतो. त्यामुळे सुटलेली कडी न शोधता नवा माल घेणे म्हणजे अंदाजाने औषध घेण्यासारखे आहे.

शोधण्याची रीत सोपी आहे. ट्रान्समीटरवर टेस्टचे बटण असते. ते वीस वेळा दाबावे, मात्र दर वेळी फ्लॅश पुन्हा भरू द्यावा. वीसही वेळा पेटला, पण कॅमेऱ्याच्या शटरने मधूनच चुकत असेल, तर दोष हवेतही नाही आणि रिसीव्हरमध्येही नाही. तो कॅमेऱ्यात किंवा त्याच्या हॉट शूमध्ये आहे.

आमचे नेमके हेच निघाले. हॉट शूचा मधला बिंदू आणि बाजूच्या पट्ट्या घाम व धुळीने काळ्या पडल्या होत्या, आणि ट्रिगर शूमध्ये पुरता आत सरकत नव्हता. कॅमेरा बंद करून पेन्सिलच्या खोडरबराने हे बिंदू हलके घासावेत, चुरा आत पडू देऊ नये आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्यावे. मग ट्रिगर टोकापर्यंत सरकवून कडी आवळावी. सोनीच्या २०१२ पासूनच्या कॅमेऱ्यांत शूच्या पुढच्या बाजूला बारीक पिनांची ओळ असते. तिथे खोडरबर मुळीच लावू नये, फक्त हवेच्या फुग्याने धूळ उडवावी.

शू स्वच्छ असूनही शटरने फ्लॅश एकदाही पेटत नसेल, तर कॅमेऱ्याची सेटिंग पाहा. मिररलेस कॅमेऱ्यात आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलेले असते, आणि बहुतेक कॅमेरे त्या स्थितीत फ्लॅशला इशाराच देत नाहीत. फोटोचा खालचा किंवा वरचा पट्टाच काळा येत असेल तर तीही लहरींची चूक नव्हे. शटरचा वेग सिंकच्या मर्यादेपलीकडे गेला आहे. कॅमेऱ्याची मर्यादा १/२०० किंवा १/२५० लिहिलेली असली, तरी स्वस्त ट्रिगर इशारा पोहोचवायला थोडा वेळ घेतो. १/१६० किंवा १/१२५ वर उतरावे.

आता हवेकडे वळू. आजचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात येतात. दुसरे असे की, माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, आणि पाणी या लहरी शोषून घेते. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये केलेली तपासणी म्हणूनच फसवी ठरते. संध्याकाळी पाचशे पाहुणे मध्ये उभे राहिले की तोच फ्लॅश दगा देतो. रिसीव्हर लोकांच्या डोक्यांपेक्षा वर ठेवावा आणि स्टेजच्या लोखंडी सांगाड्यामागे किंवा थेट प्रक्षेपणाच्या राउटरजवळ लपवू नये. चॅनेल बदलून पाहावे. गोडॉक्सच्या संचात ३२ चॅनेल असून वर ०१ ते ९९ असा वेगळा आयडीही देता येतो. व्हिडिओवाल्याचा किंवा दुसऱ्या फोटोग्राफरचा संच तोच असेल तर कामाआधी दोघांनी आयडी ठरवून घ्यावेत. नाहीतर त्याच्या बटणावर आपला फ्लॅश रिकामा होतो आणि आपल्या वेळी भरलेला नसतो. जुन्या ४३३ मेगाहर्ट्झच्या चार चॅनेलच्या संचात हा घोटाळा नेहमीचाच.

फार जवळ असणेही बाधते, हे अनेकांना पटत नाही. फ्लॅश अगदी हाताशी असताना रिसीव्हर चुकतो, तोच चार पावले दूर नेला की नीट चालतो. गोडॉक्सच्या एक्सप्रो ट्रिगरमध्ये यासाठी १ ते १०० मीटर आणि ० ते ३० मीटर अशा दोन सेटिंग आहेत. जवळच्या कामाला दुसरी लावावी.

कधी फ्लॅश स्वतःच रेडिओचा गोंगाट करतो. २००९ मध्ये पॉकेटविझार्डचे नवे ट्रिगर आले, तेव्हा अमेरिकेत कॅननच्या ५८०ईएक्स २ या फ्लॅशच्या गोंगाटाने त्यांचा पल्ला फारच घटला होता. कंपनीला फ्लॅशवर चढवायचे खास आवरण काढावे लागले. असा संशय आल्यास रिसीव्हर छोट्या वायरने फ्लॅशपासून थोडा दूर लटकवावा.

सेलबाबत आपले लोक उगाच काटकसर करतात. नवे-जुने किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नयेत. फ्लॅशला चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेलच चांगले. त्यांचा दाब १.२ व्होल्टच दिसतो, पण जोराच्या कामात तो टिकतो. साधे अल्कलाइन सेल मात्र १.५ वरून लवकर खाली येतात. पूर्ण ताकदीवर फ्लॅश भरायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात दाबलेले बटण वाया जाते. गिऱ्हाईकाला वाटते ट्रिगर बिघडला. ताकद १/४ वर आणून कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवावा. सेल गळून खोबणीत पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती व्हिनेगरच्या थेंबाने काढून लगेच कोरडी करावी. कोकणातल्या दमट हवेत हे महिन्यातून एकदा तपासलेले बरे. फ्लॅशची झोपेची सेटिंगही बंद करावी, नाहीतर जेवणाच्या सुटीनंतरचे पहिले फोटो हमखास जातात.

आमच्या पिशवीत आता पाच मीटरची सिंकची वायर कायम असते. वायर कोणाच्या पायात अडकू नये म्हणून जमिनीला टेपने चिकटवावी लागते, एवढाच तिचा त्रास. आणि तो दोषी ठरवलेला जुना ट्रिगर? तो आमचा भाचा वापरतो. अजून एकदाही चुकला नाही, असे सांगतो.