उसण, पायाळू आणि 'कट्ट'

अमरावती-अकोला रोज मोटरसायकलवर. याच रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान एका लेनचा सलग ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनिज विक्रम झाला, पण माझी कंबर त्याआधीच्या खड्ड्यांतच गेली होती! उसण भरली की आजी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाकडे धाडायची. तो पालथं झोपवून कंबरेला पाय लावायचा. आराम पडायचा, दोन दिवस.

मग कायरोप्रॅक्टिक करून पाहिलं. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला सुरू केलेली ही पद्धत. मणक्याला नेमका झटका आणि 'कट्ट'! तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे बरं का. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा असतो. कंबर मोकळी झाली, पण टिकली ती रोजच्या भुजंगासनाने आणि तासाला एकदा खुर्ची सोडल्याने.

मानेचा झटका मात्र मी घेतला नाही. क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. पाय बधिर पडत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर थेट दवाखाना गाठा.

आजीचं अजून तेच: "काहून पैसे उडवतं रे बाबू, पायाळू फुकटात हाय ना!"